सलीमचा बाप गिरणीत होता

मुंबईवरचे सिनेमे आमच्या मालेगावात जरा जास्तच आवडीने बघितले जातात. शुक्रवारी लूम बंद असतात. जुम्म्याची नमाज झाली की पूर्वी व्हिडिओ पार्लर भरायचे, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. इथल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी मुंबईत राहून आलेलं असतं, कुणाचा मामा भिवंडीत असतो, कुणाची मुलगी मुंब्र्याला दिलेली असते. त्यामुळे पडद्यावर भायखळ्याचा पूल किंवा नागपाड्याचा नाका दिसला की कुणीतरी लगेच जागा ओळखतो.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. मुंबईतला मुसलमान मोहल्ला हिंदी सिनेमात बहुतेक वेळा पोलिसांच्या जीपमधून दिसतो. आधी वरून मिनार दिसतो, मग अजान ऐकू येते, मग शिगेवर भाजणारं मांस, अरुंद गल्ली, पळणारा एक जण आणि त्याच्यामागे धावणारे चार. तो पळणारा माणूस कुठून आला, त्याचा बाप काय करत होता, घरात किती पैसे येत होते, हे विचारायला सिनेमाला सवड नसते.

सईद अख्तर मिर्झा यांचा १९८९ चा ‘सलीम लंगडे पे मत रो’ हा याला अपवाद आहे. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशावर बनलेला हा छोटा सिनेमा. पवन मल्होत्राने केलेला सलीम हा दो टाकीच्या परिसरातला छोटा गुंड. पीरा आणि अब्दुल हे त्याचे दोन साथीदार, म्हणजे मकरंद देशपांडे आणि आशुतोष गोवारीकर. हप्ता, चोरीचा माल, किरकोळ मारामारी, आणि कधीतरी मोठा भाई होण्याचं स्वप्न. घरी आई, लग्नाला आलेली बहीण आणि नोकरी गेलेला बाप. मोठा भाऊ शिकलेला होता, कामावर विजेचा धक्का लागून मेला. बहिणीला अस्लम नावाच्या मुलाचं स्थळ येतं. तो एका उर्दू वर्तमानपत्रात प्रूफ तपासतो. त्याच्याशी बोलता बोलता सलीमच्या डोक्यात काहीतरी हलतं, तो गुंडगिरी सोडायला निघतो, आणि नेमका तेव्हाच त्याचा खून होतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, म्हणून अस्लम मला फार जवळचा वाटतो. पगार थोडा, कपडे साधे, बोलणं अदबीचं, आणि शिकूनही फारसं काही हाती न लागलेला माणूस. आमच्या स्टाफरूममध्ये असे पुष्कळ अस्लम आहेत. पण हा लेख अस्लमवर नाही. हा लेख सलीमच्या बापावर आहे. विक्रम गोखल्यांनी केलेला हा बाप बहुतेक वेळ गप्प असतो. तो गिरणी कामगार होता आणि संपानंतर घरी बसला, एवढंच आपल्याला कळतं.

मी मुंबई सोडली तेव्हा चौदा वर्षांचा होतो. मदनपुऱ्यात आमची पगडीची खोली होती. जानेवारी १९९३ मध्ये संचारबंदी थोडी सैल झाली त्या दिवशी अब्बांनी आम्हाला स्टेशनवर आणलं. मनमाडपर्यंत रेल्वे, तिथून एसटी, आणि मालेगावला चाचांच्या घरी. आमची खोली जळली नाही, आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, म्हणून आम्ही स्वतःला नशीबवान समजत आलो. पुढे अब्बांनी ती खोली पडत्या भावात देऊन टाकली आणि विषय संपवला. घरात मुंबईचं नाव फारसं निघत नसे.

म्हणून मागच्या वर्षी एका शुक्रवारी त्यांना हा सिनेमा दाखवताना मला जरा धाकधूकच होती. त्यांचं वय आता पंच्याहत्तर. त्यांनी तो पूर्ण पाहिला. मधे एकदाच पाणी मागितलं. सिनेमा संपल्यावर मला वाटलं, ते गल्ल्यांबद्दल बोलतील किंवा दंगलीबद्दल. त्यांनी विचारलं, “इसका बाप कौनसे खाते में था?”

मी म्हणालो, “अब्बा, तेवढं काही कळलं नाही.”

“बोलना चाहिए था,” ते म्हणाले.

हा प्रश्न ज्याला पडतो तो माणूस गिरणीत काम केलेलाच असणार. कोण कुठल्या खात्यात, यावरून गिरणीत माणसाची जात, गाव, पगार आणि मान सगळं कळत असे. अब्बा साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. त्यांचे वडीलही साचेखात्यात होते. आजोबा मऊच्या बाजूने, म्हणजे तेव्हाच्या आझमगढ जिल्ह्यातून, मुंबईला आले होते.

इथून खरा इतिहास सुरू होतो. तो मराठीत फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळतो.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला उभारायला घेतली आणि १८५६ मध्ये तिथून माल निघू लागला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळ्यापासून परळ-लालबागपर्यंत धुराडी उभी राहिली. या गिरण्यांत माणसं आली ती मुख्यतः रत्नागिरीतून, साताऱ्यातून, पुण्या-नगरच्या घाटावरून. हे आपल्याला माहीत असतं. यांच्याबरोबरच आणखी एक लोंढा उत्तरेतून आला. आझमगढ, मऊ, मुबारकपूर, बनारस, अलाहाबाद या भागातले विणकर, म्हणजे जुलाहे. ते स्वतःला मोमिन म्हणत, पुढे अन्सारी म्हणू लागले. विलायती गिरण्यांच्या कापडाने त्यांचा हातमाग आधीच मोडीत काढला होता. १८५७ च्या उठावानंतरची धरपकड आणि त्यामागून आलेले दुष्काळ यांनी उरलंसुरलं संपवलं. त्यांच्यातले काही नर्मदा ओलांडून बुऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी असे थांबत गेले आणि तिथे माग लावून बसले. काही थेट मुंबईला पोचले.

मुंबईत ते भायखळा आणि नागपाड्याच्या मधल्या भागात, मदनपुऱ्यात राहिले. इथे घराघरांत हातमागही चालत आणि माणसं पाळीने गिरणीतही जात. पोरगं जन्मापासून मागाचा आवाज ऐकत वाढलेलं असल्यामुळे गिरणीच्या जॉबरला ते साचेखात्यात हवंच असे. जॉबर म्हणजे कामगार भरणारा मुकादम. तो आपल्या गावचे, आपल्या बिरादरीचे लोक आणी. त्यामुळे एकेका खात्यावर एकेका समाजाचा ठसा बसला. साचेखात्यात मराठा विणकर आणि मोमिन विणकर शेजारी शेजारी उभे राहत. गिरणीतलं हे त्यातल्या त्यात चांगल्या पगाराचं काम होतं.

याच खात्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दलित कामगारांना साचेखात्यात प्रवेश नव्हता. कांडीवरचं सूत संपलं की नवीन सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, असं म्हणून त्यांना त्रासनसारख्या कमी पगाराच्या खात्यांत ठेवलं जाई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांसमोर हा प्रश्न स्पष्टपणे ठेवला. तेव्हा साचेखात्यात हिंदू आणि मुसलमान शेजारी बसत होते ही गोष्ट सांगताना आपल्याला बरं वाटतं, पण त्या दोघांच्या शेजारी कोण बसू शकत नव्हतं, हेही त्याच दमात सांगावं लागतं. आमच्या समाजात जातपात नाही असं मिंबरवरून ऐकतच आपण मोठे होतो. गिरणीचं हजेरीपुस्तक वेगळं बोलतं.

खात्यातली ही शेजारणी बाहेर मोहल्ल्यात नेहमी टिकली असंही नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये जुम्मा मशिदीजवळ सुरू झालेली दंगल गिरणी वस्त्यांपर्यंत पोचली होती. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने चालला. त्यात सगळे एकत्र होते. आणि लगेच फेब्रुवारी १९२९ मध्ये, पठाण मुलं पळवतात अशी अफवा उठली आणि शहर पेटलं. काही पठाणांना संपाच्या काळात मालकांनी संप फोडायला वापरलं होतं, तो राग होताच. संपात एक झालेली माणसं चार महिन्यांत एकमेकांच्या गल्लीत जायला घाबरू लागली. मुंबईचा इतिहास वाचताना ही जोडी मला पुन्हा पुन्हा भेटते. आधी एक मोठी एकजूट, मग तिच्यामागून एक दंगल.

तरी मदनपुरा दीर्घकाळ लाल बावट्याचा मोहल्ला राहिला. १९४० मध्ये लाहोरला पाकिस्तानचा ठराव झाला तेव्हा विणकरांच्या मोमिन कॉन्फरन्सने त्याला विरोध केला होता, हे आज किती जणांना ठाऊक आहे? फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांनी बंड केलं. त्यांच्या जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तीन झेंडे एकत्र लागले होते. २२ फेब्रुवारीला मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आले. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं मेली. मोठ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी बंड मागे घ्यायला लावलं, पण रस्त्यावरच्या माणसाने आपलं काम केलं होतं.

याच काळात मदनपुऱ्यात एक तरुण शायर विणकरांच्या बैठका घेत फिरत होता. तो १९४३ मध्ये मुंबईत आला होता, पक्षाच्या ‘कौमी जंग’ या उर्दू पत्रात लिहायचा आणि संध्याकाळी कामगारांत जायचा. त्याचं गाव मिजवां, जिल्हा आझमगढ. म्हणजे ज्या माणसांची तो संघटना बांधत होता त्यांच्यातले कित्येक त्याच्याच जिल्ह्यातले होते. कैफी आझमी हे नाव आपण सिनेमाच्या गाण्यांमुळे ओळखतो. आमच्या आजोबांच्या पिढीला ते सभेतला माणूस म्हणून माहीत होते.

मराठी बाजूलाही असाच एक माणूस होता. बार्शीच्या गिरणीत काम केलेला महबूब हुसेन पटेल. त्याला महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाने संयुक्त महाराष्ट्राची चळवळ गावोगाव नेली. मराठी राज्य मागणारा सगळ्यात बुलंद आवाज एका मुसलमान कामगाराचा होता. वर्गात हे सांगितलं की माझे विद्यार्थी पहिल्यांदा माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. नारायण सुर्व्यांच्या कवितेतला दाऊद शीगवाला त्यांना नंतर भेटतो, तेव्हा ते चकित होत नाहीत.

हे सगळं लिहायचं कारण असं की १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात अडीच लाख कामगार उतरले होते, आणि त्यांत मदनपुऱ्याचे विणकरही होते. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. लाखाहून अधिक माणसांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. अब्बांना परत घेतलं नाही. त्यांनी काही महिने वाट पाहिली, मग मदनपुऱ्यातल्याच एका बॅगेच्या कारखान्यात शिलाईला बसले. माझ्या आठवणीतले अब्बा चामड्याच्या वासाचे आहेत. कापसाच्या वासाचे अब्बा माझ्या मोठ्या बहिणीला आठवतात.

या संपाबद्दल आमच्या समाजात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. मुंबईत साचे बंद होते तेव्हा गिरणीमालक भिवंडीच्या पॉवरलूमवर कापड विणून घेत होते आणि त्यावर आपला शिक्का मारून विकत होते. भिवंडीत माग चालवणारे बरेचसे आमचेच अन्सारी भाऊबंद होते. तेही उपाशीपोटी, बारा-बारा तासांच्या पाळीत, कसल्याही युनियनशिवाय काम करत होते. त्यांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. पण मदनपुऱ्यातला विणकर संपावर असताना त्याच्याच रक्ताचा माणूस भिवंडीत तेच कापड विणत होता, हे खरं आहे. गिरण्यांतून भंगारात काढलेले जुने साचे भिवंडीत आणि मालेगावात येत, तेल-पाणी करून पुन्हा चालत. शहराने माणूस काढून टाकला आणि मशीनही काढून टाकलं. दोघांची भेट आमच्या गावात झाली. मालेगावात रात्री जो खडखडाट ऐकू येतो त्यात मुंबईच्या गिरण्यांचा मोठा वाटा आहे.

आता दोन सिनेमे शेजारी ठेवून बघा. जयंत पवार यांचं ‘अधांतर’ हे नाटक १९९७ चं. त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ काढला. त्यात धुरी कुटुंब आहे. संपाने बापाची नोकरी जाते, घर मोडकळीला येतं, आई सगळं ओढत राहते, एक मुलगा नरू गुंडांच्या टोळीत जातो. मराठी प्रेक्षक नाटक-सिनेमा पाहून रडला, आणि ते योग्यच होतं. नरू त्याला आपला वाटला. नरू वाया गेला तो संपामुळे, मालकांमुळे, सरकारमुळे, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

सलीमचं घर यापेक्षा काय वेगळं आहे? बापाची नोकरी त्याच संपाने गेली. आई तशीच ओढते आहे. मुलगा तसाच गल्लीच्या नाक्यावर उभा राहतो आणि तशाच मोठ्या माणसांच्या हाताखाली जातो. लालबाग ते दो टाकी अंतर किती? दोन-तीन किलोमीटर. तरी नरूची गोष्ट ‘गिरणगावची शोकांतिका’ ठरते आणि सलीमची गोष्ट ‘मुस्लिम समाजातील गुन्हेगारी’ या मथळ्याखाली जाते. एकाला इतिहास मिळतो, दुसऱ्याला फक्त धर्म.

मिर्झांनी मात्र १९८९ मध्येच, म्हणजे ‘अधांतर’च्या आठ वर्षं आधी, सलीमच्या बापाला गिरणी कामगार केलं होतं. ते अचानक सुचलेलं नव्हतं. त्यांच्या १९८० च्या ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ मध्येही अल्बर्टचा बाप गिरणीतलाच आहे. तिथे घर ख्रिश्चन, इथे मुसलमान. १९८४ च्या ‘मोहन जोशी हाजिर हो’ मध्ये चाळ आणि चाळमालकाचा खटला आहे. या माणसाने मुंबईचा एकेक समाज घेतला आणि प्रत्येकाच्या घरात आधी कामाचं काय, भाड्याचं काय, हे विचारलं. त्यांचे वडील अख्तर मिर्झा यांनी ‘नया दौर’ लिहिला होता. यंत्र आलं की माणसाचं काय होतं, हा प्रश्न त्यांच्या घरातच होता.

मिर्झा सलीमला माफ करत नाहीत, हेही खरं. सिनेमाच्या नावातच त्याच्यावर रडू नका असं म्हटलेलं आहे. सलीम दुबळ्यांना लुटतो, खोटी ऐट मिरवतो. बाप गिरणीत होता म्हणून मुलाचे गुन्हे धुऊन निघत नाहीत. नरूचेही निघत नाहीत. मागणी एवढीच आहे की दोघांना एकच माप लावा.

या सिनेमाला तीन वर्षं झाली आणि डिसेंबर १९९२ आला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने ६ ते १० डिसेंबर १९९२ आणि ६ ते २० जानेवारी १९९३ असे दंगलीचे दोन टप्पे तपासले. आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. मग १२ मार्च १९९३ ला साखळी बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसं मेली. त्या एका दुपारनंतर देशाच्या नजरेत आमचा मोहल्ला कायमचा बदलला. आधी तिथे विणकर राहायचे, बॅगवाले राहायचे, कातिब आणि शायर राहायचे. त्यानंतर तिथे फक्त संशयित राहू लागले. सिनेमाची पोलिस जीप तेव्हापासून जी गल्लीत शिरली ती अजून बाहेर आलेली नाही.

मिर्झांनी १९९५ मध्ये ‘नसीम’ काढला. जून ते डिसेंबर १९९२ या काळात मुंबईतल्या एका मुसलमान घरात शाळकरी नात आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा यांच्यात काय बोलणं चालतं, एवढीच त्याची गोष्ट. आजोबा तिला फाळणीपूर्व आग्ऱ्याच्या आठवणी सांगतात. बाहेर बातम्या तापत जातात. ६ डिसेंबरला आजोबा मरतात. मुंबईची दंगल पडद्यावर येतच नाही. आजोबांचं काम कैफी आझमींनी केलं आहे. ज्या माणसाने तरुणपणी मदनपुऱ्याच्या विणकरांत उभं राहून नव्या दुनियेची भाषा केली, तोच पन्नास वर्षांनी पडद्यावर त्या दुनियेचा शेवट जगताना दिसतो. या सिनेमासाठी मिर्झांना दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यानंतर बरीच वर्षं त्यांनी सिनेमा काढला नाही.

‘नसीम’ मला हलवून जातो, पण ‘सलीम’ मला जास्त उपयोगी वाटतो. ‘नसीम’ मध्ये आपण काय गमावलं ते कळतं. तहजीब, जुनी अदब, एक भरवसा. ‘सलीम’ मध्ये आपण काय करत होतो ते कळतं. आणि इतिहासात आपली जागा मागायची तर आपण काय करत होतो हे सांगता यावं लागतं.

हे मी नुसतं पुस्तकी बोलत नाही. गिरणीच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले, त्याबरोबर गिरणी कामगारांना घरं देण्याची योजना आली. जून २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली. १ जानेवारी १९८२ नंतर जो गिरणीच्या पटावर होता, तो कामगार किंवा त्याचा वारस पात्र. पुरावा म्हणून तिकीट नंबर, विम्याचं कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती, असलं काहीतरी हवं. अब्बांचे सगळे कागद मदनपुऱ्याच्या खोलीत एका पत्र्याच्या पेटीत होते. जानेवारी १९९३ मध्ये आम्ही दोन पिशव्या घेऊन निघालो, त्यात ती पेटी नव्हती. अब्बांनी अर्जच केला नाही. “काग़ज़ नहीं तो क्या बोलेंगे,” एवढंच म्हणाले. चौदा वर्षं ज्याने साचे चालवले, त्याच्याकडे आज तो गिरणीत होता हे दाखवायला काहीही नाही. दंगलीत माणसं मेली, दुकानं जळली, त्याची मोजदाद झाली. किती कामगारांचा कामगार असल्याचा पुरावा त्या दिवसांत हरवला, ती मोजदाद कुठल्या अहवालात येणार?

म्हणून मला एका छोट्या सिनेमातलं एक छोटं पात्र महत्त्वाचं वाटतं. मुंबईत मुसलमान गिरणी कामगार होते, संपात उतरले होते, संपाने उद्ध्वस्त झाले होते, याची साक्ष त्या गप्प बसणाऱ्या बापात आहे. पण एका सिनेमावर किती ओझं टाकणार? बाकीचं काम आपल्यालाच करावं लागेल. गिरणगावावर मराठीत आणि इंग्रजीत चांगलं काम झालेलं आहे, कामगारांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणीही छापून आल्या आहेत. त्यात मदनपुऱ्याचं पान अजून पातळ आहे. ते दुसऱ्या कुणी भरायचं म्हणून आपण वाट बघत बसलो तर ती पिढी संपेल. १९८२ मध्ये जो पंचवीस वर्षांचा होता तो आज सत्तरीत आहे.

गेल्या वर्षापासून मी नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एक काम देतो. घरातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे बसायचं आणि त्याने आयुष्यात कुठे कुठे, कोणतं काम केलं ते मराठीत लिहून आणायचं. गाव, साल, खातं, पगार, मुकादमाचं नाव, भोंग्याची वेळ. मुलं वह्या भरून आणतात. उर्दू बोलणाऱ्या या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘पगार’, ‘खाता’, ‘बदली’, ‘भोंगा’ हे शब्द असे सहज येतात की मुलांना ते मराठीत लिहिताना भाषांतर करावंच लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम केलेल्या अकरा जणांच्या आठवणी आतापर्यंत जमल्या आहेत. त्यांतल्या दोघांकडे अजून विम्याची कार्डं आहेत, आणि एकाकडे पितळी बिल्ला.

तुमच्या घरात, भिवंडीत, मुंब्र्यात, कोकणात, कुठेही असा एखादा माणूस असेल तर त्याला दंगलीबद्दल नंतर विचारा. आधी त्याचं खातं विचारा आणि लिहून ठेवा.